मटच्या साइडबारमधले आकडे: एका आक्षेपाला उत्तर

मट या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या ईमेल प्रोग्रॅमच्या साइडबारबद्दल, म्हणजे बाजूला दिसणाऱ्या फोल्डरांच्या यादीबद्दल, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. साइडबार चालू केला तर सगळ्या फोल्डरांपुढे शून्यच दिसतं, आणि मोजणी चालू केली तर मट मधूनमधून अडकतो. तेव्हा ही सोयच अर्धवट आहे, नवख्यांना तिच्या नादी लावू नका, असं तुमचं म्हणणं. लक्षणं तुम्ही अचूक सांगितलीत. निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

साइडबार बरीच वर्षं बाहेरचा पॅच, म्हणजे वेगळा जोडावा लागणारा कोड, होता. २०१६ साली १.७ आवृत्तीत तो मूळ मटमध्ये आला. मेल मोजायला लावणारं ‘मेल_चेक_स्टॅट्स’ हे सेटिंग मात्र मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. नवीन मेल आली का, एवढं पाहणं स्वस्त असतं, म्हणून ते दर ५ सेकंदांनी होतं. न वाचलेल्या किती आणि एकूण किती हे मोजणं महाग, म्हणून त्याचं अंतर वेगळं, ६० सेकंदांचं. मोजायला सांगितलंच नाही तर शून्य दिसणारच.

आता महाग म्हणजे किती? मेल कुठे साठवली आहे त्यावर ते ठरतं, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. मेलडिर या साठवणीच्या प्रकारात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते आणि वाचल्याची खूण, ‘एस’ हे अक्षर, फाइलच्या नावातच शेवटी असते. एकही फाइल न उघडता, नुसत्या नावांवरून मोजणी होते. एमबॉक्स या दुसऱ्या प्रकारात सगळा मजकूर एकाच फाइलीत सलग. तिच्यात भर पडली की मोजायला अख्खी फाइल वाचावी लागते, आणि फाइल मोठी असेल तर तुम्ही म्हणता तसा मट अडकतो. आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवलेली असेल तर, प्रत्येक फोल्डरसाठी सर्व्हरला ‘स्टेटस’ विचारावा लागतो. त्या उत्तरात एकूण आणि न वाचलेल्या असतात, तारांकित मेलचा आकडा नसतो.

म्हणून मटच्या सेटिंग फाइलमधल्या ‘मेलबॉक्सेस’च्या ओळीत, जिथे लक्ष ठेवायचे फोल्डर सांगतात, सगळे फोल्डर ओतू नका. जिथे फिल्टर नवीन मेल टाकतो तेवढेच ठेवा, जुने संग्रह काढा. तरी जड वाटलं तर अंतर ३०० सेकंद करा, किंवा आपोआप मोजणी बंद ठेवून ‘चेक-स्टॅट्स’ या मोजणीच्या आज्ञेला एक कळ बांधा.

साइडबारच्या ओळीत काय दिसावं ते ठरवणाऱ्या फॉरमॅटबद्दल माझं मत ठाम आहे: एकूण आकडा, म्हणजे %एस, काढूनच टाका. हजारो वाचून झालेल्या मेलचा आकडा रोज डोळ्यांपुढे कशाला? मी फक्त %एन (मोठा N), म्हणजे न वाचलेल्यांचा आकडा, ठेवतो, तोही अटीत, म्हणजे न वाचलेलं काही नसेल तर तिथे काहीच दिसत नाही. आणि त्याच्या आधीची टक्का-तारा (%*) गाळू नका. तिच्यामुळे उजव्या बाजूला आधी जागा मिळते. साइडबार अरुंद असला तर नाव कापलं जातं, आकडा शाबूत राहतो. बारीकशी गोष्ट, पण ज्यांनी ती ठेवली त्यांनी मेल वाचणाऱ्याचा खरोखर विचार केला होता.

तुमची मेल एमबॉक्समध्ये आहे की आयमॅपवर, आणि ‘मेलबॉक्सेस’मध्ये किती फोल्डर आहेत, एवढं कळवा. त्याप्रमाणे नेमक्या ओळी इथेच लिहून देतो.