एप्रिलमध्ये बी टाकू नका, हे गवत रब्बीचं आहे

बर्फ वितळू लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या ग्रुपांवर लॉनचा तोच मेसेज पुन्हा फिरतो: 'एप्रिलमध्ये बी टाका. रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी द्या. गवत बारीक कापा, म्हणजे सारखं कापावं लागत नाही. उन्हाळ्यात पिवळं पडलं तर खत मारा. दर वर्षी चुना टाका.' नवीन घर घेतलेली माणसं हे मनापासून पाळतात. पहिल्या वर्षी मीही पाळलं आणि ऑगस्टमध्ये अर्धं अंगण उघडं पडलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात मोठी चूक पेरणीच्या वेळेची. आपल्या डोळ्यांना गवत म्हणजे हरळी: उन्हाळा सोसणारी, पावसात फोफावणारी. इथल्या अंगणातलं टॉल फेस्क्यू, केंटकी ब्ल्यूग्रास आणि रायग्रास मात्र गव्हाच्या शाखेतलं. आणि गहू आपण पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या तोंडावर पेरतो. या गवताची मुळं माती साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअस असताना सर्वांत चांगली वाढतात. ब्ल्यूग्रास नुसतं उगवायलाच दोन ते चार आठवडे घेतं. एप्रिलमध्ये टाकलेलं बी जेमतेम मूळ धरतं, तोवर जूनचा उकाडा येऊन ठेपतो.

त्यात क्रॅबग्रास. माती 13 अंशांच्या आसपास गेली, फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं झडू लागली, की हे तण रुजायला लागतं. ते ज्वारी-बाजरीच्या शाखेतलं, त्यामुळे जितकं ऊन तितका त्याला जोर. ते रोखायला वसंतात टाकायची बहुतेक औषधं तुमचं नवं बीही उगवू देत नाहीत. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरअखेर पेरा. तेव्हा माती उबदार असते, रात्री गार होत जातात आणि क्रॅबग्रास पहिल्या कडक थंडीत आपोआप मरतं. रोपांना मुळं धरायला एक शरद आणि एक वसंत असे दोन ऋतू मिळतात.

रोज संध्याकाळचं पाणी नव्या पेरणीलाही नको आणि जुन्या लॉनलाही नको. नव्या बियांना दिवसा, हलकं, वारंवार पाणी लागतं, तेही उगवेपर्यंतच. जुन्या लॉनला पावसासह आठवड्याला साधारण एक इंच पुरतं, आणि ते पहाटे द्यावं. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात. जुलैच्या दमट रात्रींत फेस्क्यूवर ब्राऊन पॅच ही बुरशी अशीच पसरते. किती पाणी पडलं ते स्प्रिंकलरखाली रिकामा डबा ठेवून मोजा. एडिसन-पिस्कॅटवेकडच्या तांबड्या, घट्ट मातीत पाणी हळू मुरतं. तिथे अर्धं देऊन तासाभराने उरलेलं द्यावं, नाहीतर ते रस्त्यावर वाहून जातं. किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत तेच इंचभर पाणी आठवड्यातून दोनदा विभागून द्यावं.

बारीक कापणं हरळीला मानवतं, कारण ती जमिनीलगत सरपटते. फेस्क्यू ठोंबांनी वाढतं. पातं आखूड केलं की मुळंही उथळ होतात आणि उघड्या मातीवर ऊन पडून तणाला वाट मिळते. तीन इंच ठेवा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, आणि कापलेलं गवत तिथेच राहू द्या. गवताला लागणाऱ्या नत्रापैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत नत्र त्यातून परत मिळतं.

उन्हाळ्यात पिवळं पडलेलं लॉन बहुधा मेलेलं नसतं, निजलेलं असतं. बुडखा पांढरट आणि टणक लागला तर ते जिवंत आहे. अशा वेळी नत्र देणं म्हणजे ब्राऊन पॅचला खाऊ घालणं. पण गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं तर खाली हुमणी शोधा. इथली हुमणी बहुतेकदा जपानी भुंगेऱ्याची अळी असते. हा भुंगेरा अमेरिकेत प्रथम 1916 मध्ये याच राज्यात, रिव्हरटनला सापडला.

खताचा मुख्य हात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्या. शिवाय 2011 च्या राज्य कायद्याने घरमालकांना 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायला बंदी आहे, आणि नवी पेरणी किंवा माती परीक्षणाचा आधार असल्याशिवाय स्फुरदही (फॉस्फरस) टाकता येत नाही. अंगणातून वाहून गेलेलं खत बारनेगटच्या उपसागरासारख्या पाण्यात शेवाळ माजवतं. हा कायदा मला मनापासून पटतो.

चुन्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. इथली माती आम्लधर्मी असते आणि चुना पुष्कळदा लागतोच. पण दर वर्षी डोळे मिटून टाकला तर मातीचा सामू (pH) गरजेपेक्षा वर जातो आणि पातं लोहाअभावी फिकट पडतं. सामू 6 ते 6.8 असला की पुरे. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा माती तपासून देते. नमुना जूनमध्ये पाठवा, म्हणजे ऑगस्टच्या पेरणीआधी चुना मातीत मिसळून होईल.