‘कृपा मिळाली, मग आज्ञा कशाला?’ या मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला तीनदा आला. साक्रीहून, नवापूरहून आणि भुसावळच्या भाच्याकडून. त्यातलं म्हणणं असं: ‘तारण कृपेने आहे. येशूने वधस्तंभावर सगळं पूर्ण केलं. आता आज्ञा पाळा म्हणणारा माणूस तुमच्या मानेवर पुन्हा जोखड ठेवतो. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने कुठली आज्ञा पाळली होती? प्रेम करणारा देव हुकूम सोडत नाही. आज्ञापालन ही चर्चच्या पाळकांनी लोकांना मुठीत ठेवायला काढलेली युक्ती आहे.’ पाठवणारी पोरं मनाने चांगली आहेत, प्रार्थनेला येणारी आहेत. म्हणून मला गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल तेच सांगतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कुणी फुशारकी मारू नये. पण मेसेज नवव्या वचनावर थांबतो. दहाव्यात लगेच म्हटलंय की आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्तात निर्माण केलेले आहोत. ही शंकाही आजची नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, असं पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारलं आणि ठाम ‘नाही’ म्हटलं. त्याच पत्राच्या आरंभी आणि शेवटी, १:५ आणि १६:२६ मध्ये, तो विश्वास आणि आज्ञापालन एका दमात उच्चारतो.

आमच्या पांझरा नदीकाठी फड बागायत आहे, म्हणजे एका पाटावर मिळून भिजणारी शेतं. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पाटकरी ते शेताशेताला देतो. ते पाणी कुणा शेतकऱ्याने निर्माण केलेलं नसतं. तरी फडात ठरलेलं पीकच घ्यायचं, हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. गाळ काढला म्हणून नदीला पाणी आलं, असं कुणी म्हणत नाही. पण एकाने मनमानी केली तर झळ त्याच्या एकट्याच्या शेताला लागत नाही, शेवटच्या शेताला आधी लागते. आज्ञाभंग हा माझा आणि देवाचा खासगी मामला आहे, असं समजणाऱ्यांना मी हेच सांगतो. नवऱ्याने दारू प्यायची आणि कृपेचं नाव घ्यायचं, तेव्हा कोरडं कोण पडतं? बायको आणि लेकरं.

आता जोखड. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण इथे क्रमच उलटा केलाय. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक उघडून पाहा. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएल लोकांची सुटका आधी, तांबडा समुद्र चौदाव्या अध्यायात. दहा आज्ञा विसाव्या अध्यायात. त्यांची सुरुवातही ‘हे कर’ अशी नाही. मी तुला दास्यातून बाहेर काढलं, असं देव आधी सांगतो. म्हणजे आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली नाही, सुटलेल्यांना आज्ञा मिळाल्या. आणि त्या कसल्या? शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचीच घ्या. अनुवाद नावाच्या पुस्तकात ५:१४ मध्ये विसावा मालकाला आहे, दास-दासीला आहे, परक्याला आहे आणि बैल-गाढवालाही आहे. आपण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही; तिथे दर आठवड्याला ते उतरवायची आज्ञा आहे. तू मिसरात दास होतास हे आठव, असं कारणही पुढच्याच वचनात दिलंय. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी आपल्या पाड्यांवरची माणसं हे वचन ऐकतात, तेव्हा त्यांना ते ओझं वाटत नाही. येशूनेही आपलं जू सोयीचं असल्याचं सांगितलं. जू नाहीच, असं म्हटलं नाही.

चोराबद्दल थोडंच. त्याचे हात-पाय खिळलेले होते, मोकळी होती फक्त जीभ. त्या जिभेने त्याने सोबत्याला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला आणि येशूला राजा मानून विनंती केली. उरलेल्या तासांत जे करता येत होतं ते त्याने केलं. आपल्याला तर उद्या सकाळी शेतावर, दुकानावर, शाळेत जायचंय.

प्रेमात आज्ञा नसते म्हणणाऱ्यांनी आपलीच भाषा ऐकावी. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडलेले नसतात. इब्री भाषेतही ‘शमा’ या एका शब्दात ऐकणं आणि मानणं दोन्ही येतं. योहान १४:१५ मध्ये येशूने प्रीती आणि आज्ञा एकाच वाक्यात बांधल्या. आणि जे सांगितलं ते आधी स्वतः केलं. गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा पडत होता. फिलिप्पैकरांस २:८ म्हणतं, तो मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. म्हणजे मेसेजातलं ‘सगळं पूर्ण केलं’ हेही आज्ञापालनानेच झालं. ते वगळलं तर वधस्तंभाचं उरतं काय?

राहिला पाळकांचा मुद्दा, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याची जखम मला दिसते. देवाचं नाव पुढे करून लोकांना धाकात ठेवणारे आहेत. लग्न कुणाशी करायचं, मत कुणाला द्यायचं, इस्पितळात जायचं की नाही, हेही ‘देवाची आज्ञा’ म्हणून सांगणारे आहेत. ते चूकच आहे. पण त्यावर औषध देवाची आज्ञा सोडणं नव्हे, ती नीट वाचणं आहे. येशूचा शिष्य पेत्र आणि बाकीचे प्रेषित धर्मसभेपुढे उभे होते, म्हणजे धर्माच्या पुढाऱ्यांपुढेच, आणि तिथे त्यांनी सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. त्याच पेत्राने पुढे मंडळीच्या वडीलधाऱ्यांना लिहिलं, कळपावर धनीपण गाजवू नका. बिरुया नगरातल्या लोकांनी तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून ताडून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. तेव्हा पोरांनो, पुढच्या वेळी कुणी ‘आज्ञा आहे’ म्हणाला, तर अध्याय आणि वचन विचारा. माझ्या या लिहिण्यातली वचनंही काढून बघा, आणि कुठे चुकलो असेन तर रविवारी भक्तीनंतर भेटा.