विधवा प्रथाबंदीचे ठराव झाले, आता सातबाऱ्याचेही ठराव करावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत, हे गावाने एकत्र बसून ठरवणे ही मोठी गोष्ट होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही पुढे असे ठराव झाले, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पती गमावलेल्या बायकांना पहिल्या रांगेत बसवले जाते, हे मी पाहिले आहे. त्या बायकांच्या चेहऱ्यावरचा संकोच आणि त्यामागचा आनंद मला ठाऊक आहे, म्हणून या कार्यक्रमांना दिखाऊ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु ज्या ग्रामसभेने तिच्या कपाळावरच्या कुंकवाची काळजी घेतली, तिने त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: हिच्या नवऱ्याचे वावर आता कोणाच्या नावावर आहे?

आमच्याकडे शेतीची निम्म्याहून अधिक कामे बायकांच्या हातून होतात. कपाशीची टोबणी, निंदण, वेचणी, सोयाबीनची सोंगणी, तुरीच्या शेंगा खुडणे, यातले काहीही बाईशिवाय होत नाही. तरीही 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपासच होते. नाव नसण्याचा अर्थ शहरातल्या वाचकांना कदाचित पूर्ण कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पीक कर्ज सातबाऱ्यावर मिळते. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये, शासकीय खरेदी केंद्रावर हमीभावाने कापूस घालण्याची नोंदणी, या सर्व ठिकाणी पहिला कागद सातबाराच असतो. जिचे नाव त्यावर नाही ती बाई चाळीस वर्षे त्याच मातीत राबली तरी सरकारच्या लेखी शेतकरी ठरत नाही, आणि नवरा गेल्यावर तर तिला आपल्याच वावरातला कापूस विकण्यासाठी दिराकडे किंवा सासऱ्याकडे कागद मागावा लागतो.

शेतकरी आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला शासन एक लाख रुपये देते, त्यातले 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपात. ही मदत पुष्कळदा पत्नीपर्यंत पोहोचते, कारण तिच्यामागे तहसील कार्यालय असते, पंचनामा असतो, वर्तमानपत्रे असतात. जमीन मात्र तिच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, कारण तिथे तिच्यामागे कोणीच नसते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईंच्या पतीच्या नावावर काहीच नव्हते. सगळी जमीन अजून सासऱ्यांच्या नावे होती. सासरे हयात, त्यांची जमीन स्वकष्टार्जित, त्यामुळे त्या जमिनीवर तिचा आज काही दावाच बसत नाही. अशी घरे विदर्भात असंख्य आहेत, आणि त्यांच्यासाठी उपाय थोरांनी आपल्या हयातीतच करायला हवा: जमीन स्वकष्टार्जित असेल तर बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र करणे, आणि वडिलोपार्जित असेल तर सर्वांच्या संमतीने महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेणे. पती हयात असतानाच हे झाले तर उद्याचा कितीतरी त्रास टळतो.

जिथे जमीन पतीच्या नावावर असते तिथे कायदा स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचा वारसा बरोबरीचा असतो. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे, फेरफार म्हणजे नावातला बदल नोंदवला जातो, हरकतीसाठी मुदत दिली जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात अर्ज मोठा दीर करतो, सून घरात शोकात असते आणि तिच्या हातात काही महिन्यांनी फक्त बातमी येते. गोंड, कोलाम भगिनींच्या बाबतीत तर हा कायदा थेट लागूही होत नाही, कारण त्याच्या कलम 2(2) ने अनुसूचित जमातींना वगळले आहे. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्यात विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची सक्ती आहे. म्हणजे गडचिरोलीतल्या जंगलातील पट्ट्यावर बाईचे नाव आपोआप येते, आणि आमच्या काळ्या मातीतल्या सातबाऱ्यावर येण्यासाठी तिला नवऱ्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागते. हे मला फार टोचते.

वास्तविक तसे असण्याची गरज नाही. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा खानदेशातील विटनेरसारख्या गावांत शेतकऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला होता. कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नव्हता. पुढे 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढून ही वाट मोकळी केली: पतीने स्वेच्छेने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. तीस वर्षे उलटून गेली तरी आमच्या गावात कोणाला याची माहिती नव्हती. माहिती झाल्यावरही माणसे लाजतात. एकट्याने अर्ज केला तर ‘बायकोच्या ताब्यात गेला’ असे पारावर बोलले जाते. पंचवीस जणांनी एकाच दिवशी अर्ज केला तर कोणी काही बोलणार नाही, आणि गावाने मिळून पुढाकार घेण्याला मी महत्त्व देते ते एवढ्यासाठीच.

बहिणींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये दिला, आणि वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तरीही वारस नोंदीत बहिणींची नावे चढतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात. या सह्या प्रत्येक वेळी फसवून घेतलेल्या नसतात. बहीण जाणूनबुजून सही करते, कारण तिला भाऊबीज हवी असते, बाळंतपणाला माहेर हवे असते, सासरी मार पडला तर रात्री जाण्यासाठी एक दार उघडे हवे असते. एकटी बहीण हक्क मागते तेव्हा ती लोभी ठरते. तिने काय करावे हा उपदेश तिला करण्यापेक्षा, जिच्या सहीशिवाय काम अडते तिला तीन-चार दिवस विचार करायला द्यावेत, कागद आधी वाचून दाखवावा, आणि हे सर्व भावाच्या घराबाहेर, महिला सभेत व्हावे, एवढी रीत गावाने पाडली तरी पुष्कळ फरक पडेल.

आमच्या बायकांना संघटित होणे शिकवावे लागत नाही. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी हजारो बायका चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी चालत गेल्या होत्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने ती उठली. एवढ्या पायपिटीने मिळवलेले एका बैठकीत गेले, याचे दुःख अजून ओसरलेले नाही. सातबाऱ्यावर रीतसर चढलेले नाव असे कोणत्याही बैठकीत उतरवता येत नाही, आणि म्हणून आपली शक्ती त्या नोंदींकडे वळवावी असे मला तळमळीने वाटते.

संधीही समोर आहे. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी जिवंत सातबारा मोहीम आपल्याच विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि एप्रिल 2025 पासून राज्यभर गेली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती फक्त सह्यांच्या वहीत होते. येत्या ग्रामसभेपूर्वी ती खरोखर घ्यावी, तलाठ्यांना बोलवावे, गेल्या वर्षभरात गावात वारलेल्या प्रत्येक खातेदाराचे नाव वाचावे, त्याची वारस नोंद झाली का आणि तीत पत्नी, मुली व आई यांची नावे आहेत का, हे सर्वांसमोर विचारावे. ज्यांना लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करायचा असेल त्यांनी चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), दोघांची आधार कार्डे आणि विवाहाचा पुरावा सोबत आणावा. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, दोघांच्या नावे करण्याचे अर्जही त्याच दिवशी ग्रामसेवकांकडे देता येतील. आमच्या बचत गटाने कोरे अर्ज छापून ठेवण्याचे ठरवले आहे. शेजारच्या गावांना हवे असतील तर त्यांनी इथेच कळवावे, आम्ही पोहोचते करू.