एम.ए. करायचंय ना? मग आपल्या बोलीवर करा

निकाल लागले की पोरं-पोरी विचारतात, "सर, एम.ए. मराठी घेऊ की इंग्रजी? सेट-नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्याच्या पात्रता परीक्षांना, काय बरं पडेल?" भाषाविज्ञान घेऊ का, असं कोणी विचारत नाही. तत्त्वज्ञानाचं तर नावच नको. दोष त्यांचा नाही. भाषा शिकायची म्हणजे कथा-कादंबरी-कविता शिकायची, एवढंच आपण त्यांच्यापुढे ठेवलं. भाषाविज्ञान म्हणजे एक पेपर, स्वनिम-रूपिमाच्या (भाषेतल्या ध्वनीच्या आणि अर्थाच्या लहानात लहान घटकांच्या) पाठ केलेल्या व्याख्या, संपलं.

मला मनापासून वाटतं, महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण सगळ्यात जोरात चालायला हवं ते खान्देशात. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, तडवी, भिली, पावरी, मावची, बंजारा तांड्यांवरची गोरबोली, एवढ्या बोली एसटीने एका दिवसात ऐकून येता येतील. पूर्वेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूला निहाली आहे. तिचं कुठल्याच भाषाकुळाशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि आमची पोरं प्रबंधासाठी तीच ती कादंबरी आणि तेच ते 'स्त्रीचित्रण' घेऊन बसतात!

एकच गोष्ट बघा. प्रमाण मराठीत पुरुष 'मी करतो' म्हणतो, बाई 'मी करते' म्हणते. अहिराणीत दोघंही म्हणतात, 'मी करस'. तू करस, तो करस, ती करस. अनेकवचनात 'करतस'. म्हणजे इथलं क्रियापद लिंग बघत नाही, व्याकरणातला पुरुष (मी-तू-तो) बघत नाही, फक्त वचन बघतं. पण भूतकाळात या: 'तो गया', 'ती गयी'. लिंग परत हजर! असं का होतं? गावोगाव सारखंच होतं का? साक्रीची म्हातारी आणि चाळीसगावचा कॉलेजातला पोरगा एकच रूप वापरतात का? एवढ्यावर अख्खा प्रबंध उभा राहतो, आणि तो लिहायला लागणारा कान आमच्या पोरांना घरातूनच मिळालेला असतो. कॉलेजच्या गेटात शिरताना मात्र ती तोच कान बाहेर ठेवून येतात, कारण 'गावंढळ बोलू नको' हे आपणच त्यांना शिकवलं.

पुढचा प्रश्न याहून मोठा. अहिराणी मराठीची बोली की वेगळी भाषा? इंग्रज काळातला भाषा अभ्यासक ग्रिअर्सन, त्याच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात अहिराणी 'खान्देशी' या नावाने भिल्ल भाषांसोबत बसवली आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मराठीखाली नाही, वेगळी मोजली आहे, आणि बोलणारे १८ लाखांवर. नुसत्या शब्दांच्या याद्या करून हा वाद मिटणार नाही. दोन माणसं 'एकच भाषा' बोलतात असं आपण कशावरून म्हणतो, आणि ते ठरवायचं कोणी, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

तत्त्वज्ञान तरी आपल्याला कुठे परकं आहे? १९१६ मध्ये उद्योगपती प्रतापशेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत तिथे संचालक होता, साने गुरुजी तिथे शिकले. असा वारसा असूनही भाषेचा विद्यार्थी आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी एका बाकावर बसलेले माझ्या पाहण्यात नाहीत.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, २०१८ मध्ये, फार आनंद झाला. पण त्यांची गाणी लेवा गणबोलीतली आहेत हे एम.ए. झालेल्यांनाही सांगावं लागतं, सर्रास 'अहिराणी कवयित्री' म्हणून मोकळे होतात. याचा मला खरंच त्रास होतो.

नव्या अभ्यासक्रमात ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आहेत. कुठल्यातरी ऑफिसातून सही-शिक्का आणण्यापेक्षा पोरांना पंधरा दिवस शहादा-धडगावला पाठवा. मोबाइलवर बोलणं टिपू द्या, आधी बोलणाऱ्याची परवानगी घ्यायला शिकवा, एकेक वाक्य उतरवून घ्या. पावरी घरात बोलणारी मुलगी वर्गात असेल तर त्या गटाचं काम तिच्याकडे द्या. अभ्यास मंडळावरच्या सर-मॅडमना हात जोडून विनंती आहे, येत्या बैठकीत हा विषय घ्या. वाक्यं उतरवून घ्यायला आणि तपासायला मी सुट्टीतसुद्धा बसेन.