बोली लावली नाही, म्हणून तक्रार करायची नाही?

नमस्कार,

तुमच्या एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीने लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या बाद फेरीत यजमानपद ज्या पद्धतीने वाटलं जातं, त्यात लहान कॉलेजांवर अन्याय होतो, असं मी लिहिलं होतं. तुम्ही त्याला ‘रडीचा डाव’ म्हणालात. वर्षभर चांगलं खेळणाऱ्यालाच घरचं मैदान मिळतं. 2019 ते 2025 या काळातली सगळी विजेतेपदं एसईसीच्या (दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे हंगामात आपसात खेळणाऱ्या संघांचा गट) संघांनी जिंकली, म्हणजे निवड समितीची पारख चोख आहे. आणि लहानांना दार बंद असतं तर 2008 मध्ये फ्रेस्नो स्टेट अजिंक्य कसा ठरला असता, हे तुमचे मुद्दे. शेवटी 2023 मधल्या इंडियाना स्टेटचा माझा दाखला तुम्ही माझ्यावरच उलटवलात: त्यांनी यजमानपदासाठी बोलीच लावली नाही, म्हणजे सामने भरवण्याचा प्रस्तावच दिला नाही, मग रडता कशाला? तुम्ही फोर्ट वर्थचे, तिथल्या टीसीयू विद्यापीठाच्या संघाचे चाहते, आणि टीसीयू-इंडियाना स्टेटच्या त्या सामन्यांना स्वतः हजर होतात. तेव्हा तुमचा राग मला समजतो.

ज्यांना स्पर्धेची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकूण 64 संघ, चार-चारच्या 16 गटांत. प्रत्येक गट एकाच मैदानावर खेळतो, त्याला रीजनल म्हणतात, आणि दोनदा हरलेला संघ बाहेर पडतो. मग 16 विजेत्यांच्या आठ जोड्या, तीनपैकी दोन सामने जिंकायचे, ही सुपर रीजनल. त्यातून आठ संघ अंतिम टप्प्यासाठी ओमाहाला जातात. राष्ट्रीय मानांकनात पहिले 16 असलेले संघ साधारणपणे आपापल्या मैदानावर रीजनल भरवतात, आणि सुपर रीजनल ज्याचं मानांकन वरचं त्याच्याकडे. म्हणजे ओमाहापर्यंतची सगळी वाट एखादा संघ स्वतःच्या अंथरुणात झोपून चालू शकतो.

आता निवडीबद्दल. कुठले 64 संघ घ्यायचे यावर माझा फारसा वाद नाही, आणि तो माझ्या मूळ लेखातही नव्हता. 2025 मध्ये 29 संघ आपापल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवून थेट आले, उरलेले 35 समितीने निवडले. त्या 35 मधला शेवटचा कोण आणि बाहेर राहिलेला पहिला कोण, यात केसाएवढा फरक असतो. 2022 मध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) असाच अगदी शेवटी आत आला आणि थेट विजेतेपद घेऊन गेला, तेही कोरल गेबल्स आणि हॅटिसबर्ग अशा परक्या मैदानांवरून. तुम्ही याला समितीच्या पारखीचा पुरावा म्हणाल. मला त्यात असंही दिसतं की सीमेवरचे संघ एकमेकांपासून वेगळे काढणं कुणालाच जमण्यासारखं नाही. त्यासाठी मी समितीला दोष देणार नाही. पण 64 वा कोण यावर दरवर्षी मेच्या अखेरीस जेवढा गदारोळ होतो, त्याच्या पावपटही चर्चा 16 यजमान कोण यावर होत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

“वर्षभर चांगलं खेळणाऱ्यालाच घरचं मैदान मिळतं.” हे वाक्य तुम्ही लिहिलंत तितकं सरळ नाही. चांगलं खेळणं मोजतात कशाने? वर्षानुवर्षं समितीच्या हातातलं मुख्य माप आरपीआय (संघांची क्रमवारी लावणारा एक आकडा) राहिलं आहे. पुरुषांच्या बास्केटबॉलने ते 2018 मध्ये टाकून दिलं, बेसबॉलने त्यानंतरही ठेवलं. त्याचे चार हिस्से धरले तर एक हिस्सा तुमच्या स्वतःच्या जय-पराजयाचा, दोन हिस्से तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाचे, आणि उरलेला एक प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. म्हणजे तीन चतुर्थांश आकडा तुम्ही कसे खेळलात यावर नसून कुणाशी खेळलात यावर ठरतो. एसईसीचे संघ फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक सामने घरच्या मैदानावर, बाहेरच्या पाहुण्यांशी खेळतात आणि त्यातले पुष्कळसे जिंकतात. त्यानंतरचे 30 सामने आपसातले. त्यात कुणीही हरलं तरी जिंकणाराही घरचाच, या खिशातला पैसा त्या खिशात. उलट मिझुरी व्हॅलीसारख्या लहान कॉन्फरन्समधला चांगला संघ एप्रिलमध्ये दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवतो आणि त्याचा आकडा खाली येतो. जिंकून खाली! खेळाडूंनी करायचं तरी काय?

यावर उतारा म्हणून 2013 पासून परक्या मैदानावरचा विजय 1.3 आणि घरचा 0.7 धरू लागले. पराभवाला त्याच्या उलट. पाऊल चांगलंच होतं. पण हा फरक फक्त त्या पहिल्या चतुर्थांश हिश्शाला लागतो.

शिवाय हवामान आहे. 2008 पासून सगळ्यांचा हंगाम एकाच तारखेला, फेब्रुवारीच्या मध्याच्या आगेमागे सुरू होतो. तेव्हा इंडियाना, ओहायो, मिशिगनमध्ये मैदानं गोठलेली असतात. तिथले संघ पहिले तीन-चार आठवडे दक्षिणेत जाऊन खेळतात, दुसऱ्यांच्या मैदानावर, दुसऱ्यांच्या प्रेक्षकांपुढे, हॉटेलात राहून. परतीची भेट द्यायला दक्षिणेतले मोठे संघ क्वचितच उत्तरेकडे येतात, कारण त्यांना गरजच नसते. यजमानपद मेमध्ये जाहीर होतं खरं, पण त्याचा अर्धा निकाल फेब्रुवारीच्या वेळापत्रकातच लागलेला असतो.

आता ‘दार उघडं आहे’ याबद्दल. गटात चौथं, म्हणजे सगळ्यात खालचं, मानांकन असलेले चार संघ 2025 पर्यंत ओमाहाला पोहोचले: 2008 चा फ्रेस्नो स्टेट, 2012 चा स्टोनी ब्रूक, 2023 चा ओरल रॉबर्ट्स आणि 2025 चा मरे स्टेट. चौघांबद्दल मला अपार कौतुक आहे. पण हिशेब करा. ही रचना 1999 पासूनची, 2020 ची स्पर्धा झाली नाही, म्हणजे 2025 पर्यंत 26 स्पर्धा आणि प्रत्येकीत 16 चौथे संघ. 416 पैकी चार. ते दुबळे असतात म्हणून हरतात, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यांच्या प्रशिक्षकाच्या जागी बसून शुक्रवारची संध्याकाळ बघा. त्याच्याकडे खरोखर चांगला पिचर (चेंडू टाकणारा) एकच. पहिलाच सामना यजमानाशी, भरलेल्या स्टेडियममध्ये. त्या एक्क्याला आजच उतरवला आणि तरीही हरलो, तर पुढे बाहेर न पडता सलग चार सामने जिंकायचे, तेही थकलेल्या हातांनी. त्याला राखून ठेवला, तर आज हरण्याची जवळजवळ खात्री. यजमानाकडे मात्र सामन्याची सुरुवात करणारे तीन-तीन दमदार पिचर असतात, आणि वर घर. व्हँडरबिल्ट आणि टेक्सास 2025 मध्ये पहिलं आणि दुसरं मानांकन असून घरीच गारद झाले, हा तुमचा दाखला बरोबर आहे. घरचं मैदान म्हणजे विजयाची हमी, असं मी कधी म्हटलं नाही. पण हमी नाही म्हणून झुकतं माप दिसेनासं होत नाही.

आणि टेरे होट, म्हणजे इंडियाना स्टेटचं गाव. 2023 मध्ये इंडियाना स्टेटला चौदावं राष्ट्रीय मानांकन होतं. त्यांनी आपल्या मैदानावर रीजनल भरवली, अंतिम फेरीत आयोवाला हरवलं. तिकडे तुमच्या टीसीयूने आर्कान्सासला त्यांच्याच फेएटव्हिलमध्ये धूळ चारली. टीसीयूला राष्ट्रीय मानांकन नव्हतं, म्हणजे रीतीप्रमाणे सुपर रीजनल टेरे होटला व्हायला हवी होती. पण त्याच शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या आवारात स्पेशल ऑलिम्पिक्स इंडियानाचे उन्हाळी खेळ होते. ते तिथे दरवर्षी भरतात आणि राज्यभरातून बौद्धिक दिव्यांग खेळाडू येतात. शहर लहान, हॉटेलांच्या खोल्या, मनुष्यबळ, सगळं त्यांच्यासाठी दिलेलं. विद्यापीठाने शब्द पाळला आणि बोली लावली नाही. सामने फोर्ट वर्थला गेले, टीसीयूने सलग दोन जिंकून ओमाहा गाठलं.

तुम्ही म्हणता, नियमाप्रमाणेच झालं. झालं ना. माझी हरकत त्या नियमालाच आहे. त्या मुलांनी मैदानावर जे कमावलं ते गावात पुरेशी हॉटेलं नाहीत म्हणून गेलं, आणि याचं उत्तर शोधण्याची जबाबदारी एकट्या विद्यापीठावर टाकली गेली. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएचं मुख्यालय इंडियानापोलिसमध्ये, टेरे होटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. स्पर्धा एनसीएएची, मग पर्यायी मैदान उभं करणं हेही त्यांचं काम का नसावं? दुसऱ्याच्या मैदानावर यजमान होण्याची पद्धत तर जुनीच आहे. 2012 मध्ये पर्ड्यूने गॅरी शहरातल्या यूएस स्टील यार्डवर रीजनल भरवली होती, 2015 मध्ये सांता बार्बराने लेक एल्सिनोरला. तिथे निदान प्रेक्षक तरी आपले येतात आणि प्रवास बेताचा होतो. टीसीयू कुठेही जिंकला असता, असं तुम्ही म्हणता. आठवडाभर आधी आर्कान्सासला घरात घुसून हरवणारा संघ टेरे होटलाही जिंकला असता, हे मलाही शक्य वाटतं. मग त्यांना तिथेच जिंकू द्यायचं होतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, “मग तुम्ही काय बदलाल?” सगळे सामने तटस्थ मैदानांवर न्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. बॅटन रूजच्या किंवा कॉर्व्हॅलिसच्या घरच्या प्रेक्षकांचा तो गजर हाच या स्पर्धेचा प्राण आहे. पण बोलीतून आर्थिक हमी आणि अपेक्षित उत्पन्न हे निकष पूर्ण काढावेत. मैदान, दिवे, सुरक्षितता यांची किमान पातळी ठरवावी, ती गाठली की पुढे फक्त मानांकन बघावं. मानांकित संघाला स्वतःचं मैदान देता आलं नाही, तर जवळचं पर्यायी मैदान एनसीएएने आधीच ठरवून ठेवावं. आणि पहिल्या 16 राष्ट्रीय मानांकनांत नसलेले दोन संघ सुपर रीजनलमध्ये समोरासमोर आले तर यजमान कोण, हे समितीच्या बैठकीवर न सोडता नियमातच लिहून टाकावं. 2025 मध्ये ड्यूक आणि मरे स्टेट दोघेही परक्या मैदानांवर जिंकून आले होते, आणि सामने ड्यूकच्या गावी, डरमला झाले. मरे स्टेटने तिथेही बाजी मारली, पण आपल्याला बाहेर का जावं लागतंय हे त्यांना स्पर्धा सुरू होण्याआधीच लेखी माहीत असायला हवं होतं.