पुन्हा शॉपफ्लोअरवरच जायचे, तर एम.टेक. कशाला?

माझ्या आतेभावाच्या मुलाने यंदा ‘उत्पादन आणि औद्योगिक अभियांत्रिकी’ हा पेपर घेऊन गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली. त्याला एम.टेक.ला प्रवेश मिळतो आहे, आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. “पुन्हा शॉपफ्लोअरवरच, कारखान्यात यंत्रांपाशीच जायचं असेल, तर एम.टेक. कशाला? एमबीए कर,” असे आतेभावाने लिहिले आणि दाखला दिला तो पवईच्या नीटीचा. औद्योगिक अभियांत्रिकीसाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली ती संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, म्हणजे या विषयाचा निकाल सरकारनेच लावला, असे त्याचे म्हणणे. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. इथे जर्मनीत, आखेनमध्ये, रात्री ते वाचून माझी झोप उडाली.

मी जिथे मास्टर्स केले, तिथली यंत्र-अवजारांची प्रयोगशाळा १९०६ सालची आहे. ती उभारणाऱ्या आडोल्फ वालिक्स यांनीच फ्रेडरिक टेलर यांचे कारखान्याच्या व्यवस्थापनावरील लेखन जर्मनमध्ये आणले. ज्या विद्येला आपण व्यवस्थापन म्हणून वरच्या मजल्यावर नेऊन बसवतो, तिचा जन्म लेथशेजारी झाला आहे, हे आतेभावाला कोणीतरी सांगायला हवे. प्रबंधासाठी मी सहा महिने एका कारखान्यात होतो. सेटिंगचा, म्हणजे पुढच्या कामासाठी यंत्र जुळवण्याचा, वेळ मोजायला घड्याळ काढण्याआधी बेट्रीब्सराटची, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या मंडळाची, संमती घेतलेली होती, त्यामुळे माझ्याकडे कोणी पगार कापायला आलेला माणूस म्हणून पाहिले नाही. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना उरकता येणारी कामे वेगळी करायची, एवढ्यावर जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची सेटिंगचा वेळ कमी करण्याची पद्धत उभी आहे. पण चकचे, म्हणजे लेथवर काम पकडून ठेवणाऱ्या भागाचे, जबडे बदलताना मधेच पाना शोधायला गेलेली चार मिनिटे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ येत नाही. ते पाहायचे असेल, तर शॉपफ्लोअरवरच जावे लागते, एम.टेक. झाल्यावरही, किंबहुना एम.टेक. झाल्यावरच.

चाकणला नव्या अभियंत्याला मिळणारा पगार आणि संगणकवाल्याला मिळणारा पगार यांतली तफावत मी नाकारत नाही. पण मुलाला पगाराचे कारण सांगावे. काम हलके आहे, असे सांगू नये. इकडेही मोटारींच्या उद्योगातल्या नोकऱ्या कमी होत आहेत, हे मात्र मी ग्रुपवर लिहिले नाही. वाद जिंकायचा होता, म्हणून लिहिले नाही.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही, आणि तीच जास्त टोचते आहे. दुसऱ्या सत्रात आम्हाला जर्मन अभियंते हेरवार्ट ओपिट्झ यांची वर्गीकरणाची पद्धत शिकवली. प्रत्येक जॉबच्या, म्हणजे यंत्रावर घडवायच्या भागाच्या, आकाराला पाच आकडी क्रमांक द्यायचा. पहिला आकडा लांबी आणि व्यास यांच्या प्रमाणावरून ठरतो: आखूड चकती वेगळी, लांब शाफ्ट वेगळा. मग बाहेरचा आकार, आतला आकार, सपाट पृष्ठभागांवरचे काम, भोके आणि दाते. सारख्या क्रमांकाचे जॉब एकापाठोपाठ एक लावले की सेटिंग मोडावे लागत नाही. तो तक्ता फळ्यावर आला, तेव्हा मला एकदम अण्णांची, माझ्या वडिलांची, वही आठवली.

अण्णा भोसरीत टर्नर होते, पुढे सेटर झाले. कुलंटच्या वासाची, कडा तेलाने पारदर्शक झालेली एक वही ते डब्याच्या पिशवीतून नेत-आणत. तिच्यात जॉबची नावे नव्हती, चित्रे होती: चकती, बुश, पायऱ्यांचा शाफ्ट, प्रत्येक चित्राखाली कोणते जबडे, कोणते टूल, किती फीड. सुपरवायझर जॉब कोणत्याही क्रमाने देवो, एका चित्राखालचे जॉब ते एकत्र उरकत. मी तेव्हा पुण्यात बी.ई. उत्पादन करत होतो आणि ती वही मी एकदाही उघडली नाही. आतेभाऊ आज जे बोलतो, ते मी तेव्हा मनात बोलत होतो. बारावीनंतर मी ही शाखा घेतली, ती लेथवर उभे राहावे लागू नये म्हणून; मला लेथ चालवणाऱ्यांवरचा माणूस व्हायचे होते. त्या कामाचा मान मला आखेनमध्ये दिसला, कारण तिथे तो प्राध्यापकांच्या तोंडून ऐकायला मिळाला. घरात तो जेवायला रोज शेजारी बसत होता.

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा अण्णांकडे वही मागितली. मला ती आखेनला आणायची होती, खरे तर माझ्या टेबलावर ठेवायची होती. अण्णांना माझ्या मागण्याचे नवल वाटले.

“ती कुठली आता? रिटायर झालो त्या दिवशी मशीनपाशीच ठेवून आलो,” ते म्हणाले. “पुढच्या सेटरला लागणार ना.”