धरण फुटू द्यायचं, पण आपलं नाव न येता

अभिनंदन! मातीचं एक छोटं, जुनं धरण तुमच्या ताब्यात आलंय. ते बांधताना पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही, नकाशे ज्या कपाटात होते ते कपाटच वाळवीनं फस्त केलंय, पण भिंत उभी आहे. इतकी वर्षं उभी आहे म्हणजे पुढेही राहणार, हे गणित मनात पक्कं करा. नव्वदीच्या आजोबांकडे बघून आपण असं म्हणत नाही, हे खरं. पण आजोबांच्या पोटात तलाव नसतो.

सुरुवात झाडांपासून करा. भिंतीवर उगवेल ते वाढू द्या. मुळं माती धरून ठेवतात, हे आपण सगळेच शाळेत शिकलोय. झाड मेलं की मूळ कुजतं आणि भरावात पोकळ नळी उरते, वादळात झाड उन्मळलं की भिंतीचा लचका तोडून घेऊन जातं, हे धड्यात नव्हतं. तेव्हा त्याची काळजी नको. शिवाय झाडीचा खरा फायदा वेगळाच आहे. तिच्या आड भेगा, ओल, खचलेला उतार असं काहीच दिसत नाही. कधी काळी जाग आलीच, तर सगळी मोठी झाडं एका दिवसात तोडा आणि मुळं आतच ठेवा, म्हणजे ती एकदमच कुजतील.

बिळंही बुजवू नका. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. लोक हसले, पण बिळांनी मातीचा भराव दुबळा होतो हे काही खोटं नाही. पाण्याकडून आत गेलेलं बीळ आणि कोरड्या बाजूनं आत आलेलं बीळ जवळ आली, की पाण्याला आयता रस्ता मिळतो. फक्त एवढंच, की खेकडा किंवा घूस हे काम एका रात्रीत उरकत नाही, आणि चोरून तर मुळीच करत नाही. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकून सगळ्यांना दाखवून करते. असा आरोपी हाताशी असलेला बरा.

आता पाझर. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, त्यात बिघडत काही नाही. पाणी स्वच्छ आहे तोवर ते नुसतं पाणी असतं. गढूळ झालं की समजायचं, ते धरणालाच कणाकणानं बाहेर घेऊन चाललंय. आत पोकळी होते, पोकळी मागे मागे तलावाकडे सरकते. तुम्ही अर्थात इतक्या खोलात जाऊ नका. पायथ्याच्या नालीत त्रिकोणी खाचेची एक फळी बसवली, तर खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून पाझर किती ते साध्या पट्टीनं कळतं. तलावाची पातळी आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेलं, की पातळी तीच असताना पाझर कधी वाढला तेही कळतं. धोका नेमका हाच आहे. वहीतला आकडा उद्या साक्षीला उभा राहतो. वहीच नको.

घाई कशाला, गढूळ दिसलं तर बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं टेटन. 5 जून 1976 ला सकाळी गढूळ पाझर दिसला. भोक बुजवायला धावलेले दोन बुलडोझर त्या भोकातच गेले, चालक कसेबसे वाचले, आणि बाराचे ठोके पडायच्या आत धरण फुटलं. ते जुनं नव्हतं, लहान तर नव्हतंच. जवळजवळ 93 मीटर उंचीचं, पहिल्यांदाच भरत असलेलं. तुमच्याकडे तेवढेही तास असतील की नाही, कोण जाणे.

‘आपलं लहानसं आहे हो, फुटून फुटून किती फुटेल?’ हे वाक्य पाठ करून ठेवा. 1977 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण मध्यरात्रीनंतर फुटलं. उंची सुमारे 12 मीटर. खाली एका कॉलेजचं आवार होतं, तिथं 39 माणसं गेली.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेवर, मात्र जीव ओतून काम करा. वर्षातले बहुतेक दिवस तो कोरडा पडलेला असतो, म्हणजे वायाच गेलेला. त्यात माती टाकून थोडं जास्त पाणी साठवा, नाहीतर मासे निसटू नयेत म्हणून जाळी ठोका. मोठ्या पुरात पाणी सांडव्यातून गेलं नाही, तर माथ्यावरून जाईल. आणि माथ्यावरून गेलेलं पाणी मातीचा उतार कसा कापत नेतं, ते पावसात घराशेजारचा मातीचा ढीग बघितलेल्या कुणालाही विचारा.

या कलेतला आदर्श म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क. त्याच्या तळाचे लोखंडी नळ एका मालकानं काढून भंगारात विकले, म्हणजे तलाव उतरवायची सोयच संपली. पुढे ते धनिकांच्या मासेमारी क्लबकडे गेलं. माथ्यावरून घोडागाडी नीट जावी म्हणून क्लबनं माथा कमी केला आणि सांडव्यात माशांसाठी जाळी बसवली. माथा मध्यभागी खचला होता, म्हणजे पाण्यानं कुठून जायचं तेही ठरलेलं. 31 मे 1889 ला मुसळधार पावसानंतर तलाव काठोकाठ भरला, जाळी काटक्यांनी तुंबली. माणसं माथ्यावर माती चढवू लागली, दुसरा सांडवा खणू लागली. खाली जॉन्सटाउनकडे तारा गेल्या. पण ‘धरण फुटणार’ ही आवई तिथं आधीच इतक्यांदा उठून गेली होती, की फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 2,200 हून जास्त माणसं मेली.

क्लबवर दावे झाले, एकही टिकला नाही. देवाची करणी ठरली. नळांच्या भंगाराचे पैसे मात्र क्लबला मिळाले नव्हते. ते आधीच्या मालकानं केव्हाच खिशात घातले होते.